गोरा म्हणजे नेमका कोण?

१९२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ताकाओ ओझावा नावाच्या एका जपानी माणसाची केस निकाली लागली. तरुणपणीच अमेरिकेत आलेला, तिथेच शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा माणूस, त्याला नागरिकत्व हवं होतं. तेव्हाचा कायदा १७९० पासूनचा, त्यात लिहिलेलं की बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या माणसाला' मिळेल (१८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली, बाकीचे बाहेरच). ओझावाच्या बाजूने एक मुद्दा असा होता की रंगच बघायचा असेल तर कितीतरी जपानी लोक युरोपातल्या काही लोकांपेक्षा उजळ आहेत. कोर्ट म्हणालं, रंगावर काही ठरत नसतं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तू कॉकेशियन नाहीस. विषय संपला.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच कोर्टात भगतसिंग थिंद. पंजाबातून गेलेला, लाकडाच्या गिरणीत राबलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात पगडीसकट भरती झालेला. त्याची बाजू सरळ होती: तुम्हीच म्हणालात ना गोरा म्हणजे कॉकेशियन, मग तुमच्याच वंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतातल्या लोकांना कॉकेशियन म्हटलंय, द्या आता नागरिकत्व. वर 'उच्चवर्णीय हिंदू' असल्याचाही दाखला कागदपत्रांत होता, माणूस शीख असला तरी, कारण तिकडे तेव्हा भारतातून आलेला प्रत्येक जण हिंदूच. यावर कोर्टाने काय म्हणावं? की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, आणि सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणणार नाही.

म्हणजे रंगाचा मुद्दा अडचणीचा ठरला तेव्हा शास्त्र पुढे केलं आणि शास्त्र अंगाशी आलं तेव्हा रस्त्यावरच्या माणसाचं मत पुढे केलं. आणि दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिलेत, जॉर्ज सदरलँड यांनी. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय.

पण परिणाम चेष्टेचे नव्हते. या निकालाचा आधार घेऊन सरकारने आधी नागरिक झालेल्या बऱ्याच भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं. कॅलिफोर्नियात त्या काळी ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना जमीनही घेता येत नव्हती, त्यामुळे नागरिकत्वामागोमाग मालमत्ताही जायची. वैष्णो दास बगाई नावाचे एक व्यापारी होते, त्यांचं नागरिकत्व असंच गेलं, भारतात यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. एका शब्दाचा अर्थ काय यावरून हे सगळं.

आता मूळ प्रश्न: आधी वंश आले की भेदभाव? आपल्या डोक्यात साधारण असं चित्र असतं की जगात आधीपासून वेगवेगळे वंश होते, ते एकमेकांना भेटले, एकमेकांचा राग आला, मग भेदभाव सुरू झाला, मग त्याचे कायदे झाले. मला वाटतं निदान अमेरिकेपुरती तरी ही गोष्ट बरीचशी उलटी घडलीय. आधी कुणाकडून फुकट काम करून घ्यायचंय हे ठरलं, मग त्यासाठी नियम झाले, नियम कुणाला लागू ते सांगायला यादी लागली, यादीला नाव मिळालं वंश, आणि शास्त्र तर त्याच्याही मागून आलं. पूर्वग्रह आधी नव्हतेच असं मी म्हणत नाहीये, परका धर्म, परकी भाषा, वेगळा रंग याबद्दल माणसं कायमच संशयी असतात. पण संशय वेगळा, आणि तुझ्या पोटी जन्मणारं मूल आत्तापासूनच माझ्या मालकीचं असा कागद करणं वेगळं.

शरीराचं आधी पटकन बघून घेऊ म्हणजे तो विषय बाजूला होईल. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखा असतो. जो थोडा फरक उरतो त्याचं काय, हे रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये तपासलं, तर त्यातला जवळजवळ ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतल्या माणसांत सापडला, आणि ज्यांना आपण वेगवेगळे वंश म्हणतो त्यांच्यामधला फरक अगदी थोडा निघाला. कातडीचा रंग म्हणजे मुख्यतः उन्हाचा हिशोब आहे: विषुववृत्ताजवळ कडक ऊन, ते शरीरातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व खराब करतं म्हणून गडद कातडी फायद्याची, आणि उत्तरेला ऊन कमी, तिथे ड जीवनसत्त्व तयार व्हायला उजळ कातडी बरी. म्हणून तर पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरचा माणूस आणि पश्चिम आफ्रिकेतला माणूस दोघं काळे, पण नातं बघायला गेलं तर तो बेटावरचा माणूस चिनी किंवा युरोपियन माणसाला जास्त जवळचा. आणि जगात सगळ्यात जास्त जनुकीय विविधता आफ्रिकेतच आहे, म्हणजे ज्या लोकांना आपण एका शब्दात 'काळे' म्हणून गुंडाळतो त्यांच्यातच सगळ्यात जास्त वेगळेपणा. सिकलसेल हा आजार 'काळ्यांचा' समजला जातो, तोही खरं तर मलेरियाच्या प्रदेशांचा आहे, ग्रीसमध्येही सापडतो, भारतातही. तर माणसांत फरक आहेत, वाडवडील कुठून आले याच्या खुणाही डीएनएमध्ये सापडतात, पण चार-पाच खणांचं कपाट करून त्यात माणसं भरता येतील अशी कुठे रेघ नाहीये. रेघ कागदावर ओढावी लागली.

ती ओढताना बघायची असेल तर व्हर्जिनियात जायला हवं. तेव्हा ती इंग्लंडची वसाहत होती. पीक तंबाखूचं, नफा जबरदस्त, आणि मजूर काही पुरेनात. १६१९ च्या ऑगस्टमध्ये 'व्हाइट लायन' नावाचं जहाज वीसएक आफ्रिकन माणसं घेऊन तिथे आलं, ती अंगोलातून पकडून आणलेली होती, आणि अन्नधान्याच्या बदल्यात त्यांचा सौदा झाला. ही नोंद जॉन रॉल्फ नावाच्या तंबाखूवाल्याच्या पत्रात आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे गंमत आहे.

पण सुरुवातीची काही दशकं चित्र बरंच धूसर होतं. शेतात राबणारे बहुतेक जण इंग्लंडमधले गरीब गोरेच होते, चार-सात वर्षांच्या करारावर आलेले, मार खाणारे, विकले जाणारे, करार संपायच्या आत मरणारेही भरपूर. आफ्रिकन लोक त्यांच्याच बाजूला राबायचे, आणि त्यातले काही मोकळेही झाले. अँथनी जॉन्सन नावाचा एक होता, १६२० च्या दशकात आलेला, पुढे स्वतंत्र झाला, १६५० च्या आसपास अडीचशे एकर जमीन त्याच्या नावावर. म्हणजे काळा माणूस म्हणजे गुलामच, हे समीकरण अजून पक्कं व्हायचं होतं.

१६४० ची एक केस मला फार महत्त्वाची वाटते. तीन नोकर एकाच मालकाकडून एकत्र पळाले. एक डच, नाव व्हिक्टर. एक स्कॉटिश, जेम्स ग्रेगरी. तिसरा जॉन पंच, आफ्रिकन. तिघं मेरीलँडमध्ये पकडले गेले, तिघांना तीस-तीस फटके. इथपर्यंत सगळं सारखं. मग कोर्टाने व्हिक्टर आणि ग्रेगरीचा करार चार वर्षांनी वाढवला, एक वर्ष मालकाकडे आणि तीन वर्षं वसाहतीसाठी, आणि जॉन पंचला सांगितलं की तू जिवंत असेपर्यंत नोकर. गुन्हा एक, रात्र एक, वाट एक, आणि पळायचं ठरवताना तिघांना एकमेकांवर भरवसाही असणार, त्याशिवाय कोण कुणाबरोबर पळतं? तो भरवसा मालकांना परवडणारा नव्हता.

पुढचा प्रश्न पोरांचा. एलिझाबेथ की नावाची बाई, आई आफ्रिकन, बाप इंग्रज. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे मूल बापाचं, म्हणजे मी इंग्रज माणसाची मुलगी, मी गुलाम कशी, असं म्हणत ती कोर्टात गेली, आणि १६५६ मध्ये जिंकली! मग सहा वर्षांनी, १६६२ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधानसभेने कायदाच फिरवला: मूल आईवर जाणार, आई गुलाम तर मूल गुलाम. ज्या इंग्लंडात सगळं बापाच्या नावाने चालतं तिथल्याच लोकांनी हे केलं, कारण हिशोब साधा होता, मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर होणारं मूल त्याची जबाबदारी न होता त्याची मालमत्ता होणार. मग १६६७, बाप्तिस्मा घेतला म्हणून कुणी मोकळा होणार नाही. तोवर ख्रिश्चन माणसाला गुलाम ठेवावं का, अशी एक टोचणी होती, ती काढून टाकली. एकेक वाट बंद होत गेली आणि प्रत्येक वेळी ती बंद करायचं कारण म्हणजे कुणीतरी त्या वाटेने नुकतंच बाहेर पडलेलं असायचं. जॉन्सन १६७० मध्ये वारला तेव्हा व्हर्जिनियातल्या ज्युरीने ठरवलं की तो निग्रो, म्हणजे परका, सबब त्याची जमीन सरकारजमा.

आणि मग १६७६. नॅथॅनिएल बेकन नावाच्या जमीनदाराने गव्हर्नरविरुद्ध बंड केलं. बेकन काही साधुपुरुष नव्हता, त्याला मूळ रहिवासी इंडियन लोकांच्या जमिनी हव्या होत्या आणि त्याने त्यांच्या कत्तली केल्या, हे सांगायलाच हवं. पण त्याच्या बंडात गरीब गोरे, करारावरचे नोकर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून उतरले, आणि त्यांनी राजधानी जेम्सटाउन जाळून टाकली. बेकन आजारपणाने मेला, बंड विस्कटलं, पण शेवटपर्यंत शस्त्रं खाली न ठेवणाऱ्यांत एक तुकडी होती, सुमारे ऐंशी काळे आणि वीस इंग्रज.

जमीनदारांना घाम फुटला असणार. इतिहासकारांत यावर वाद आहे की पुढचे कायदे याच भीतीने झाले, की गोरे मजूर येणं कमी झालं आणि गुलामांची जहाजं वाढली म्हणून झाले. मला वाटतं दोन्ही. पण पुढची तीस वर्षं बघितली तर दिशा स्पष्ट आहे. १६९१ च्या कायद्यात व्हर्जिनियाच्या कायद्यांत पहिल्यांदा 'गोरा' हा शब्द येतो. त्याआधी इंग्रज, ख्रिश्चन असे शब्द असायचे. आणि येतो कशासाठी, तर गोऱ्या माणसाने निग्रो, मुलाटो (म्हणजे काळ्या-गोऱ्या मिश्र वंशाचा) किंवा इंडियन माणसाशी लग्न केलं तर वसाहतीतून हाकलायचं हे सांगायला.

मग १७०५ चा मोठा कायदा, त्याचे दोन-तीन तुकडे जवळून बघा. ख्रिश्चन गोऱ्या नोकराला उघडं करून फटके मारायचे नाहीत, मारायचे तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम हवा. करार संपला की गोऱ्या पुरुष नोकराला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक द्यायची. काळ्या माणसाने, गुलाम असो की स्वतंत्र, गोऱ्यावर हात उचलला तर तीस फटके. आणि मला सगळ्यात जास्त बोचलेलं कलम म्हणजे गुलामांनी पाळलेले घोडे, गुरं, डुकरं जप्त करून विकायची आणि तो पैसा चर्चच्या हद्दीतल्या गरिबांना द्यायचा. काल एकाच पंगतीत उपाशी बसलेले दोघं, त्यातल्या एकाचं डुक्कर काढून त्याचे पैसे दुसऱ्याच्या हातावर ठेवले. दुसऱ्याला जमीन नाही मिळाली, मोठा पगार नाही मिळाला, तो गरीब तो गरीबच राहिला, पण आता त्याच्या खाली कुणीतरी कायमचं होतं.

हे मी आज बसून रचतोय असं वाटत असेल तर १७३६ चं एक पत्र आहे. १७२३ मध्ये व्हर्जिनियाने स्वतंत्र काळ्या माणसांचा मतदानाचा हक्क काढला होता. लंडनहून विचारणा झाली की अहो, जो गुलाम नाही, ज्याच्याकडे जमीन आहे, त्याचं मत का काढलंत? तिथला लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम गूच याने उत्तर दिलं की स्वतंत्र निग्रो आणि मुलाटो यांच्यावर कायमचा डाग राहावा म्हणून. इतकं उघड कुणी लिहितं का? तर लिहितं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

आता बघा, शास्त्राची तारीख काय? लिनियसचं माणसांची चार प्रकारांत विभागणी करणारं पुस्तक १७३५ चं. व्हर्जिनियाचा कायदा त्याआधी तीस वर्षं अमलात होता. १७५८ च्या आवृत्तीत त्याने स्वभावही चिकटवले, युरोपियन माणूस कायद्याने चालतो आणि आफ्रिकन लहरीने, वगैरे. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या इतक्या मोठ्या माणसाला हे कुठे दिसलं कोण जाणे. नंतर जर्मनीत ब्लूमेनबाख, त्याच्याकडे कवट्यांचा संग्रह, त्यातली कॉकेशस पर्वताच्या भागातल्या जॉर्जियन बाईची कवटी त्याला सगळ्यात सुंदर वाटली, म्हणून १७९५ मध्ये गोऱ्यांना नाव दिलं कॉकेशियन. थिंदची केस ज्या शब्दावर लटकली तो शब्द एका प्रोफेसरला आवडलेल्या कवटीवरून आलाय! बरं हा ब्लूमेनबाख स्वतः चांगला माणूस, माणसांचे प्रकार एकमेकांत मिसळत जातात, मध्ये रेघ नाही असं तोच लिहून गेला, आफ्रिकन लोक कमी दर्जाचे हे त्याला मान्य नव्हतं. पण जगाने त्याने पाडलेल्या पाच प्रकारांची नावं घेतली आणि बाकीचं सोडून दिलं.

एकदा यादी झाली की ती सांभाळायला लागते, आणि तिथे खरा तमाशा सुरू होतो. होमर प्लेसी हा लुइझियानातला माणूस, आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काळा, दिसायला गोरा. १८९२ मध्ये तो मुद्दाम रेल्वेच्या गोऱ्यांसाठीच्या डब्यात बसला आणि मुद्दामच सांगितलं की मी काळा आहे, कारण न सांगता कुणाला कळलंच नसतं. केस सुप्रीम कोर्टात गेली, १८९६ मध्ये तो हरला आणि 'वेगळे पण समान', म्हणजे सोयी सारख्या असतील तर काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायला हरकत नाही, हे सूत्र पुढची अठ्ठावन्न वर्षं चाललं. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये आणखी कडक केलं: रक्तात एक थेंब जरी दुसरा असला तरी तो गोरा नाही. आणि इथे जॉन रॉल्फ परत येतो. रॉल्फची बायको म्हणजे पोकाहॉन्टस, मूळ रहिवासी टोळीच्या प्रमुखाची मुलगी, आणि व्हर्जिनियातली बडी बडी घराणी अभिमानाने स्वतःला त्या जोडप्याचे वंशज म्हणवतात. एक थेंबाचा नियम लावला तर ही मंडळीच गोऱ्यांतून बाहेर! मग कायद्यात अपवाद टाकला, इंडियन रक्त एक-सोळांशापर्यंत असेल आणि बाकी सगळं गोरं असेल तर चालेल. लोक याला पोकाहॉन्टस अपवाद म्हणतात. हा कायदा १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडला, लव्हिंग नावाच्या जोडप्याच्या केसमध्ये, नवरा गोरा आणि बायको काळी.

दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली. शंका असेल तिथे अधिकारी केसांत पेन्सिल खोचायचे. पेन्सिल पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली सख्खी भावंडं वेगळ्या वंशात गेली, म्हणजे वेगळी शाळा, वेगळी वस्ती. लोक अर्ज करून वंश बदलून घ्यायचे, आणि सरकार त्याची आकडेवारी ठेवायचं. रवांडात बेल्जियन सरकारने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर माणूस हुतू, तुत्सी की त्वा, कुठल्या समाजाचा ते छापलं, आधी जी ओळख थोडीफार सैल होती ती कार्डावर पक्की झाली, आणि १९९४ च्या नरसंहारात रस्त्यावरच्या नाक्यांवर कार्डावरचा तोच शब्द बघून माणसं मारली गेली.

मग कुणी म्हणेल, सगळं बनावटच आहे ना, तर सोडून द्या की, 'मी काळा' 'मी गोरा' कशाला म्हणायचं. हे ऐकायला छान वाटतं आणि बहुतेक वेळा तेच म्हणतात ज्यांना यादीने काही त्रास दिलेला नाही. ज्यांना जहाजात कोंबून आणलं त्यांच्याकडे आधी स्वतःची ओळख होतीच, गाव होतं, भाषा होती, आईने ठेवलेलं नाव होतं. ते सगळं पुसलं आणि एक शिक्का मारला. पुढच्या पिढ्यांनी त्याच शिक्क्याखाली चर्च काढली, गाणी रचली, शाळा चालवल्या, कोर्टात केसेस लढल्या, आणि शिक्क्याचं नातं झालं. शिक्का खोटा असेल, नातं नाहीये. आणि ओळख तरी काय, सरकारी फॉर्मवर आपण भारतीयसुद्धा फिरत राहिलो: अमेरिकेच्या जनगणनेत १९२० ते १९४० 'हिंदू' हा वंश होता, १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजलं, १९८० मध्ये 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. कुणाच्याही रक्तात या काळात काही बदललं नव्हतं. थिंदलाही शेवटी १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं, तेही वंश बदलून नाही, तर युद्धात लढलेल्यांसाठी नवीन कायदा आला म्हणून.

आता यादी मोडल्यावरही परिणाम कसे उरतात तेवढं सांगतो, कारण 'ते सगळं जुनं झालं' हे वाक्य फार ऐकू येतं. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारने सामान्य माणसाला घर घेता यावं म्हणून गृहकर्जांना हमी द्यायला सुरुवात केली. फार मोठी गोष्ट होती, लाखो कुटुंबं यामुळे घरमालक झाली. पण कुठली वस्ती भरवशाची हे ठरवायला शहरांचे नकाशे काढले, हिरवा, निळा, पिवळा, लाल. काळ्या लोकांची वस्ती जवळजवळ नेहमीच लाल. लाल म्हणजे लोन बुडणार, म्हणजे लोन नाही, म्हणजे घर नाही, म्हणजे घराची किंमत वाढून पोरांच्या शिक्षणाला लागणारा पैसाही नाही. यात कुणी कुणाचा द्वेष करायची गरजच नाही, बँकेतला क्लार्क मनाने सज्जन असला तरी नकाशा आपलं काम करतो. १९६८ मध्ये हे कायद्याने बंद झालं, पण घर ही अशी गोष्ट आहे की ज्याच्या आजोबांना मिळालं नाही त्याच्या नातवालाही ते कमीच मिळतं.

डेट्रॉइटमध्ये याचा एक नमुना अजून उभा आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण जागा काळ्या लोकांच्या वस्तीला लागून, म्हणून सरकारी हमी मिळेना. मग त्याने मध्ये काँक्रीटची भिंत बांधली, सहा फूट उंच, अर्धा मैल लांब, आणि भिंत झाल्यावर हमी मिळाली. सहा फूट म्हणजे शेजाऱ्याचं घर दिसत राहणार, दोन्हीकडच्या पोरांचा आवाज ऐकू येणार, जरा चपळ पोरगं सहज चढून जाणार. पण माणसं अडवायला ती नव्हतीच, फाइलवर सही व्हावी म्हणून होती. पुढे गोरी कुटुंबं तिथून निघून गेली. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना बहुतेक काळीच कुटुंबं राहतात, मैदानाजवळच्या भागावर लोकांनी चित्रं काढलीत, आणि भिंत आहे तिथेच आहे.